कुत्र्या-मांजराच्या अंगावर नेमकं काय आहे? गोचीड, पिसू, ऊ आणि लूत ओळखायची रीत

कुत्रं खाजवायला लागलं की बहुतेक घरांत निदान ठरलेलं असतं: 'गोचीड झालेत.' मग पावडरीचा डबा येतो, अंगभर चोळला जातो आणि पंधरा दिवसांनी कुत्रं तसंच खाजवत असतं. खाज पिसवांची असते आणि पिसवांची पिल्लावळ कुत्र्यावर नसून पडवीतल्या गोणपाटात असते. किंवा ती लूत असते, जिला त्या पावडरीने काही होत नाही. औषध कोणतं, किती दिवस, जनावरालाच की घरालाही, हे सगळं अंगावरच्या प्राण्याच्या ओळखीवर ठरतं. ओळखायला दर वेळी सूक्ष्मदर्शक लागत नाही. तो कुठे बसला आहे, कसा हलतो आणि मागे काय टाकून जातो, एवढं नीट पाहिलं तरी बरंच कळतं.

कोकणात हा ताप बारमाही आहे. पिसवांच्या अळ्यांना हवेत साधारण ५० टक्क्यांच्या वर ओलावा लागतो, आणि समुद्रकाठी तो वर्षाचे बहुतेक दिवस असतोच. त्यात जांभ्या चिऱ्याच्या भिंती, त्यांचे न भरलेले सांधे, शेणाने सारवलेलं अंगण, पेंढा आणि शेजारी गोठा. या प्राण्यांना याहून चांगलं बिऱ्हाड मिळणार नाही.

तयारी

बारीक दातांची फणी घ्या. डोक्यातल्या उवांसाठी असते ती चालते, धातूची असेल तर उत्तम, पण नंतर ती जनावरासाठीच ठेवा. शिवाय पांढरा पंचा, पांढरा टिपकागद, काळा कागद, पारदर्शक चिकटपट्टी, टोकदार चिमटा, कापूस, हातमोजे आणि मोबाइलचा टॉर्च. वाटीभर पाण्यात चमचाभर भांड्यांचा साबण मिसळून ठेवा, कारण साध्या पाण्यावर पिसू तरंगते आणि उडून जाते. साबणाच्या पाण्यात बुडते. एका लहान बाटलीत सर्जिकल स्पिरिट घ्या. त्यात सापडलेले नमुने जातील.

तपासणीआधी दोन-तीन दिवस आंघोळ, पावडर, तेल काही नको. पुरावाच धुऊन जातो. अंग कोरडं हवं. कुत्र्याला सकाळच्या उजेडात खळ्यात किंवा ओटीवर घ्या. मांजराला मात्र दार बंद करून छोट्या खोलीत, टॉवेलात गुंडाळून, दुसऱ्या माणसाच्या मदतीने. एका बैठकीला पाच मिनिटं पुरेत. मांजराचा संयम संपला की तपासणी संपली, हे मान्य करून दुसरा भाग संध्याकाळी करावा.

हात लावण्याआधी दहा मिनिटं नुसतं पाहा

शेपटीच्या बुडाशी आणि मागच्या मांड्यांवर पुढच्या दातांनी कुरतडत असेल तर आधी पिसवांचा संशय घ्या. मान झटकणं आणि कान फडफडवणं म्हणजे कानात काहीतरी आहे: कानातले किडे, आत बसलेला गोचीड, नाहीतर बुरशीचा दाह. कानाच्या कडा आणि कोपरं सोलून निघेपर्यंत खाज, रात्री झोप नाही, अशी तक्रार लुतीची. डोळ्यांभोवती केस गेले आहेत पण खाज फारशी नाही, ही दुसऱ्या जातीची लूत. आणि जनावर कोपऱ्यात दडून एकच जागा चाटत बसलं असेल, केस ओले आणि वास कुजका असेल, तर बाकी सगळं सोडून तिथे टॉर्च मारा. अळ्या पडल्या असण्याची शक्यता मोठी.

गोचिडाची खाज अनेकदा येतच नाही. म्हणून 'खाजवत नाही, म्हणजे काही नाही' हा हिशेब चुकतो.

हाताने चाचपणी

नाकापासून शेपटीपर्यंत, केसांच्या उलट दिशेने बोटं फिरवा. क्रम ठरवून घ्या म्हणजे जागा सुटत नाहीत: पापण्या, कानाची आतली बाजू, कानाच्या बुडाशी बाहेरच्या कडेला असलेली छोटी पिशवीसारखी घडी, पट्ट्याखालची मान, गळा, काखा, पुढच्या आणि मागच्या बोटांच्या बेचक्या, तळव्यांच्या गाद्यांमधली जागा, जांघा, शेपटीखाली. सर्वांत जास्त सुटतात त्या बोटांच्या बेचक्या. आखूड केसांच्या गावठी कुत्र्याला दहा मिनिटं लागतात, दाट केसांच्याला अर्धा तास.

इथे फसगत कशाने होते तेही सांगायला हवं. पोटावरचं स्तनाग्र गोचीड समजून ओढणारी माणसं थोडी नाहीत. स्तनाग्रं नर कुत्र्यालाही असतात, दोन्ही बाजूंना ओळीत, कातडीच्याच रंगाची. चामखीळही मऊ असते आणि कातडीतूनच उगवलेली दिसते. गोचीड कातडीला फक्त तोंडाने चिकटलेला असतो. केस बाजूला करून टॉर्च मारला की कातडीलगत आठ पाय दिसतात. पाय दिसले नाहीत तर ओढू नका. पावसाळ्यानंतर आघाड्याचं बी आणि गवताची कुसळंही हाताला तशीच लागतात.

फणी आणि ओला कागद

कुत्र्याच्या कमरेपासून शेपटीच्या बुडापर्यंत आणि मांजराच्या मानेवर, हनुवटीखाली फणी कातडीला टेकवून हळू ओढा. दर फटक्यानंतर फणी पांढऱ्या कागदावर झटका आणि लगेच साबणाच्या पाण्यात बुडवा. कागदावर काळे, स्वल्पविरामासारखे वाकडे कण पडले तर त्यांवर पाण्याचे थेंब टाका आणि एक मिनिट थांबा. कणाभोवती तांबूस तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. म्हणजे जनावराचंच पचलेलं रक्त. जिवंत पिसू एकही दिसली नाही तरी निदान पक्कं झालं.

किनाऱ्यावर हिंडणाऱ्या कुत्र्यांबाबत ही कसोटी फार कामाची. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या बऱ्याच पुळणींवर इल्मेनाइटची काळी वाळू असते. ती केसांत अडकली की पिसवांच्या विष्ठेसारखीच दिसते, पण पाणी टाकल्यावर काळीच राहते.

मांजराला ओला कागद जास्तच लागतो, कारण मांजर चाटून चाटून पिसवा गिळून टाकतं. अंगावर काहीच सापडत नाही. पोटावरचे केस मात्र तासल्यासारखे आखूड झालेले दिसतात.

गोचीड

आपल्याकडे कुत्र्यावर सर्वांत जास्त आढळतो तो तपकिरी कुत्रा-गोचीड. याच्या वयानुसार रूप इतकं बदलतं की घरची माणसं 'तीन जातींचे गोचीड आहेत' असं सांगतात. जात एकच असते.

नुकतं अंड्यातून निघालेलं पिल्लू खसखशीच्या दाण्याहूनही लहान असतं आणि त्याला सहाच पाय असतात. रक्त पिऊन, कात टाकून ते दुसऱ्या अवस्थेत जातं. आता पाय आठ, आकार नाचणीच्या दाण्याएवढा. पूर्ण वाढलेला, उपाशी गोचीड सुमारे ३ मिलिमीटर, तिळासारखा चपटा आणि तांबूस तपकिरी. मादी पोटभर रक्त प्यायली की फुगून सेंटिमीटरभर होते आणि राखी-निळसर दिसते, हुबेहूब एरंडाची बी. एरंडाच्या शास्त्रीय नावातला 'रिसिनस' हा शब्दही लॅटिनमध्ये गोचिडाचाच आहे. त्या फुगलेल्या मादीच्या शेजारी चिकटलेला छोटा चपटा तपकिरी जीव तिचं पिल्लू नसून नर असतो.

आता महत्त्वाचं. हा गोचीड प्रत्येक अवस्थेत रक्त पिऊन कुत्र्यावरून खाली उतरतो, आडोशाला कात टाकतो आणि पुन्हा कुत्रा शोधतो. भरलेली मादी उतरून ४००० पर्यंत अंडी घालते आणि मरते. उष्ण हवेत हा फेरा दोन-तीन महिन्यांत पुरा होतो, आणि उपाशी प्रौढ गोचीड कित्येक महिने जगतो. तेव्हा एका वेळी कुत्र्यावर दिसतात ते एकूण गोचिडांपैकी थोडेच.

घरातला साठा शोधायचा तर वर पाहा. या जातीचा कल भिंत चढण्याकडे असतो. रात्री टॉर्च घेऊन चिऱ्यांचे सांधे, दाराच्या चौकटीमागची फट, वासे भिंतीला टेकतात ती जागा, भिंतीवरच्या तसबिरींची मागची बाजू आणि कुत्रं झोपतं त्या जागेलगतची हातभर भिंत तपासा. जुनं कार्ड फटीत सरकवून बाहेर ओढा. तपकिरी, चकचकीत, साबुदाण्याहून खूप बारीक अंड्यांचा पुंजका आला तर तो झाडून टाकू नका, चिकटपट्टीने उचला. चिऱ्यांचे सांधे सिमेंटने भरून घेणं हा कुठल्याही फवाऱ्याहून टिकाऊ उपाय आहे.

गुरांवरचा गोचीड वेगळा. तो अंड्यातून निघून गायीवर चढला की सगळ्या अवस्था तिच्याच अंगावर काढतो. गोठ्यात झोपणाऱ्या कुत्र्यावर एखादा येईल, पण 'गायीमुळे कुत्र्याला झाले' हे बहुतेक वेळा खरं नसतं.

तिसरा गोचीड जंगलाचा. माकडतापाचा विषाणू १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात सापडला. २०१६ पासून सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात त्याचे रुग्ण आढळले. तो पसरवतो तो हिमाफिसॅलिस जातीचा रानगोचीड, आणि त्याच्या पिल्लांचा जोर काजूच्या हंगामातच असतो. काजूच्या बागेत किंवा रानात बरोबर येणारं कुत्रं असेल तर ते घरात शिरण्याआधी खळ्यातच तपासा, आणि स्वतःचे पायही. रानात माकड मरून पडलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा.

काढायची रीत: चिमट्याची टोकं कातडीला टेकवून गोचिडाचं तोंड धरा, फुगलेलं पोट नव्हे. सरळ, सावकाश, एकाच दाबाने ओढा. पिळू नका, झटका देऊ नका. रॉकेल, पेटती काडी, तूप लावू नका. डिवचलेला गोचीड लाळ उलट जखमेत सोडण्याचा धोका असतो. तोंडाचा तुकडा आत राहिला तर उकरत बसू नका, कातडी तो स्वतः बाहेर टाकते. निघालेला गोचीड स्पिरिटच्या बाटलीत. नखावर चिरडायची सवय वाईट, कारण त्याच्यातले जंतू बोटावरच्या ओरखड्यातून माणसात जाऊ शकतात.

गोचीड काढल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. पुढचे तीन आठवडे ताप, न खाणं, फिक्या हिरड्या, नाकातून रक्त किंवा चहासारखी लघवी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन गोचीडतापाची रक्ततपासणी करून घ्या. एर्लिकिया आणि बबेसिया या गोचिडातून येणाऱ्या जंतूंचे दोन्ही आजार वेळेत कळले तर बरे होतात. उशीर झाला तर रक्तच उरत नाही.

पिसू

पिसू २ मिलिमीटरच्या आसपास, लालसर तपकिरी, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी. गोचीड वरून चपटा, पिसू बाजूंनी; म्हणून ती केसांतून सुळकन सरकते. कुत्र्यावरही बहुतेकदा मांजराचीच पिसू असते.

मादी दिवसाला २० ते ५० अंडी घालते. ती मिठाच्या कणांसारखी पांढरी, गुळगुळीत असतात आणि केसांना न चिकटता खाली गळतात. अळी अंधारात, धुळीत, पिसवांचीच वाळलेली विष्ठा खाऊन वाढते. नंतर कोष. त्या चिकट कोषाला धुळीचे कण लागतात आणि फवारा आत पोचत नाही. पावलांचा हादरा किंवा जनावराची ऊब लागेपर्यंत पिसू आत थांबू शकते. चाकरमान्यांचं बंद घर गणपतीला उघडल्यावर पहिल्याच संध्याकाळी घोट्यांना चावे येतात, ते यामुळे.

घरात आहेत का हे पाहायला गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घालून पडवीत, माजघरात आणि जनावराच्या झोपायच्या जागेभोवती पाच मिनिटं चाला. किंवा रात्री जमिनीवर पसरट ताटलीत साबणाचं पाणी ठेवून वर वीतभर अंतरावर छोटा दिवा लावा. सकाळी ताटलीत पिसवा मोजा.

शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या कणीसारखे पांढरे तुकडे दिसले, त्यांतला ताजा तुकडा आकसत-पसरत असला, तर तो टेपवर्म. पिसू गिळल्याने होतो. जंताचं औषध देऊन पिसवा तशाच ठेवल्या तर महिन्याभरात पुन्हा येतो. मांजराच्या लहान पिल्लांच्या हिरड्या दाबून पाहा: गुलाबी नसून पांढरट असतील तर पिसवांनी रक्त प्यायलंय, आणि त्याला वाट पाहायला वेळ नसतो.

उवा

आजारी, अशक्त किंवा दाटीवाटीने ठेवलेल्या जनावरांत दिसतात. चाल संथ, उडी नाही, रंग पिवळट किंवा राखाडी. खूण म्हणजे लिखा: केसाला एका बाजूने घट्ट चिकटलेला पांढरा ठिपका. कोंडा फुंकर मारली की उडतो, लीख केसावरून ओढूनही निघत नाही. कुत्र्याच्या उवा माणसाच्या डोक्यात राहत नाहीत, पोरांना ओरडू नका. जनावरापासून दूर त्या काही दिवसच जगतात, म्हणून घराला फवारा लागत नाही. अंथरूण गरम पाण्यात धुतलं की पुरे.

लूत आणि डोळ्यांना न दिसणारे

खरुजेचा, म्हणजे खूप खाजणाऱ्या लुतीचा, किडा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान आणि कातडीच्या आत बोगदे काढणारा, त्यामुळे तो दिसत नाही, जागा दिसतात. कानाच्या कडा, कोपरं, मागच्या पायांचे घोटे, पोटाची खालची बाजू. कानाच्या पाळीची कड बोटात धरून पाच सेकंद चोळा. कुत्र्याने त्याच बाजूचा मागचा पाय खाजवल्यासारखा हलवला तर खरुजेचा संशय बळावतो, पक्कं मात्र होत नाही. घरातल्या माणसांच्या हातावर, पोटावर पुरळ उठलं असेल तर संशय आणखी वाढतो. डॉक्टर पात्याने कातडी खरवडून पाहतात; त्यात किडा न सापडणं म्हणजे खरूज नाही असं होत नाही, कारण किडे थोडेच असतात. मांजरात हीच कथा डोक्यापासून सुरू होते: कानाची कड, कपाळ, जाड राखी-पिवळी खपली.

डेमोडेक्स नावाच्या किड्याची लूत वेगळी. लहान कुत्र्याच्या डोळ्यांभोवती, ओठाच्या कोपऱ्यावर, पुढच्या पायांवर केस जातात, सुरुवातीला खाज जवळपास नसते. ती एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे पसरत नाही. असं पिल्लू 'लुतीचं' म्हणून रस्त्यावर सोडलं जातं, हे चूक आहे. मोठ्या वयात पहिल्यांदा झाली तर मागे दुसरा आजार आहे का ते पाहावं लागतं. गोल, खवलेदार चट्टा हा मात्र नायटाही असू शकतो. पावसाळ्यात तो माजतो आणि माणसालाही होतो.

कानातल्या किड्यांसाठी कापूस कानात खोल न घालता फक्त दिसणाऱ्या भागावर फिरवा. कॉफीच्या चोथ्यासारखा कोरडा, काळपट मळ निघाला तर तो काळ्या कागदावर पसरून टॉर्च मारा. हलणारे पांढरे ठिपके म्हणजे किडे. तेलकट, आंबूस वासाचा तपकिरी मळ बुरशीचा, पिवळा पू जिवाणूंचा. पडदा फाटलेला नाही हे डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय खोबरेलसुद्धा ओतू नका.

पाठीवर खूप कोंडा असेल तर चिकटपट्टी दाबून उचला आणि काळ्या कागदावर चिकटवा. कोंडा चालताना दिसला तर तो किडा. उष्ण, दमट भागांतल्या मांजरांत केसाला चिकटून राहणारा आणखी एक किडा असतो. अंगावर मीठ-मिरी भुरभुरल्यासारखं दिसतं आणि शेपटीजवळचे केस सहज हातात येतात.

माशा, अळ्या, जळवा

घरमाशीसारखी पण चपटी, चिवट माशी मानेच्या केसांत कुर्लीसारखी आडवी पळताना दिसली तर ती कुत्रेमाशी. थापटून मरत नाही, चिमट्यात धरावी लागते. कानाच्या टोकांना रक्ताळलेल्या खपल्या म्हणजे गोठ्यातल्या चावऱ्या माशा.

अळ्या मात्र तातडीचं काम. पावसाळ्यात जखमेवर, कानात, शेपटीखालच्या ओल्या केसांत माशीने घातलेली अंडी दिवसभरात फुटतात. बाहेरून भोक चण्याएवढं, आत पोकळी लिंबाएवढी. रॉकेल, पेट्रोल, फिनेल, डांबरगोळ्यांची पूड यांतलं काही आत भरू नका. भोवतालचे केस कापा, दिसतील त्या अळ्या चिमट्याने काढा, स्वच्छ कापडाने झाका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आंबोलीसारख्या घाटात पावसाळी रानातून आलेल्या कुत्र्याच्या बोटांतून रक्त थांबत नसेल तर बेचकीत जळू पाहा. नख तिच्या तोंडाकडच्या बारीक टोकाखाली सरकवा, सुटते. मग कापूस पाच-दहा मिनिटं दाबून धरा.

ओळख पटल्यावरच्या चुका

कोकणातली सर्वांत घातक चूक म्हणजे आंब्याच्या कलमांवर तुडतुड्यासाठी मारायचं सायपरमेथ्रिन 'थोडंसं पाण्यात' घालून कुत्र्याला आंघोळ घालणं. गुरांच्या गोचिडाचं औषध अंदाजाने लावणं हीही तीच जात. मांजराला तर परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं कुत्र्याचं औषध मानेवर एक थेंब लावलं तरी जिवावर बेततं. मांजराचं यकृत ते मोडू शकत नाही, काही तासांत थरकाप आणि झटके येतात. डबीवर 'मांजरासाठी' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर लावू नका. कुत्र्याला असं औषध लावलं असेल तर त्याच्याशी लगटून झोपणारं मांजर निदान तीन दिवस वेगळं ठेवा. चुकून लागलंच तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुऊन लगेच डॉक्टरांकडे, बाटली सोबत घेऊन.

दवाखान्यात जाताना नमुन्यांची बाटली, कागदावर काढलेली जनावराची आकृती आणि तिच्यावर खुणा, जनावराचं वजन, आधी काय लावलं त्याची नावं एवढं न्या. गोळी असो वा मानेवरचे थेंब, मात्रा वजनावर ठरते. झटके येण्याचा पूर्वीचा त्रास असेल तर तो आधी सांगा.

उपचार सुरू झाल्यावर फणी थांबवू नका. पहिले तीन दिवस रोज, मग आठवड्याला एकदा, मोजून वहीत लिहा. पिसवांचा आकडा एकदम उतरून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा थोडा वर जातो, ते कोषांतून निघालेल्या नव्या पिसवांमुळे. औषध बदलायची घाई नको. आकडा आठव्या आठवड्यातही खाली येत नसेल तर कुत्र्यापेक्षा शेजारचं मांजर, मांगरातला पेंढा आणि ओटीखालची धूळ आधी तपासा.